बास-ट्रेबलच्या नॉबला हात लावावा की नाही?

वाचकाचं पत्र

माझ्याकडे एक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि साडेपाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या पडद्याचे) दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. खोली ४.२ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद, २.९ मीटर उंच. स्पीकर लांबीच्या एका टोकाला स्टँडवर ठेवलेत, वूफरचं तोंड पाठीमागच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर येतं. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला आहे. गाणी लॅपटॉपवरून वाजतात.

तक्रारी अशा: बास गिटारचा एखादाच सूर आणि तबल्यातला डग्गा खोलीभर घुमतो. काही गायिकांचे 'स' आणि 'श' कानाला टोचतात. रात्री आवाज लहान केला की सगळंच पोकळ वाटतं. मी बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) दोन्ही वाढवून पाहिलं, ॲपमधल्या दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरची (स्वरांच्या एकेका पट्ट्याची पातळी वर-खाली करणाऱ्या साधनाची) दोन्ही टोकंही उचलून पाहिली. त्याने पुरुषांचे आवाज जाड झाले, आणि गाण्यातल्या मोठ्या आवाजाच्या जागी मधूनच चरचर येऊ लागली. ऑडिओतला एक जाणकार मित्र सांगतो, 'डायरेक्ट'चं (बास-ट्रेबलचे नॉब वगळून सिग्नल सरळ नेणारं) बटण दाबून ठेव, नॉबला हातच लावू नकोस, सिग्नल बिघडतो. दुसरीकडे ३१ पट्ट्यांचा एक जुना इक्वलायझर विकत मिळतोय. मित्राचं ऐकू की तो इक्वलायझर घेऊ?

उत्तर

नॉब वापरा, ते त्यासाठीच दिलेले असतात. पण तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात. डग्गा घुमतो तो खोलीमुळे. रात्री पोकळ वाटतं ते माणसाच्या कानाच्या स्वभावामुळे. 'स' टोचतो तो बहुधा रेकॉर्डिंगमुळे, किंवा खोलीतल्या उघड्या भिंतींमुळे. तुम्ही तिन्हींवर एकच उपाय केलात, म्हणून एक सुधारताना दुसरं बिघडलं.

आधी मित्राच्या म्हणण्याबद्दल. आजच्या बहुतेक ॲम्पमधली बास-ट्रेबलची सर्किटं ज्या मांडणीवरून आली, ती ब्रिटिश अभियंता पीटर बॅक्झंडॉल यांनी १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात प्रसिद्ध केली. नॉब मधोमध असला की ही मांडणी सपाट राहते. नीट बांधलेल्या ॲम्पमध्ये तिच्यामुळे येणारी विकृती आणि खरखर कानाला कळण्याच्या खूप खाली असते. 'डायरेक्ट' दाबल्यावर फरक ऐकू आलाच, तर आधी दोन शंका घ्या. पहिली, आवाजाची पातळी किंचित बदलली असेल. अर्ध्या डेसिबलचा फरक 'आवाज वाढला' असा जाणवत नाही, 'जास्त स्वच्छ झाला' असा जाणवतो. दुसरी, नॉबची खाच खऱ्या मध्यावर नसेल, किंवा डाव्या-उजव्या बाजूचे पॉट (नॉबने फिरणारे रोधक) एकमेकांशी जुळत नसतील. हे तपासणं सोपं आहे. एखादं मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणारं) लावा आणि नॉब हळूहळू फिरवा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधून हलता कामा नये. हलला तर पॉट खराब आहे. फिरवताना करकर आली तर आत धूळ किंवा गंज आहे. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, एवढ्याने बहुतेकदा भागतं.

'सिग्नल शुद्ध राहावा' ही इच्छा मला समजते, तिचा आदरही आहे. पण रेकॉर्डिंग तुमच्यापर्यंत येण्याआधीच कितीतरी इक्वलायझरांतून गेलेलं असतं. एलपी तर मुद्दाम वाकवूनच कापतात. १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या प्रमाणानुसार) कापताना खर्ज दाबतात आणि टिपेचे स्वर उचलतात. वाजवताना फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणारं सर्किट, २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल उचलते आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढंच दाबते. म्हणजे एलपी ऐकणारा प्रत्येक जण इक्वलायझर वापरतच असतो. शिवाय मिक्सिंग करणाऱ्याने कोणत्या स्पीकरवर, कसल्या खोलीत बसून बास ठरवला, याला जगभर पाळला जाणारा एकच मापदंड नाही. त्याच्या खोलीत बास फुगत असेल तर तो कमी ठेवणार आणि तुम्हाला रेकॉर्डिंग रोडकं वाटणार. अशा वेळी बासचा नॉब दोन डेसिबल वर करण्यात कसलाही अपराध नाही.

तुमची चूक नॉबला हात लावण्यात नव्हती, नॉबची पोच न ओळखण्यात होती. बासचा नॉब साधारणपणे १०० हर्ट्झला कमाल १० डेसिबलपर्यंत उचलतो किंवा दाबतो, पण त्याचा उतार लांबलचक असतो. बराच फिरवला तर ३००-४०० हर्ट्झपर्यंतचा भागही सोबत उचलला जातो, आणि पुरुषी आवाजाचा भरणा नेमका तिथे असतो. आवाज जाड झाला तो यामुळे. ट्रेबलचंही तसंच: १० किलोहर्ट्झ उचलायला जावं तर ३-४ किलोहर्ट्झही वर येतात. असा रुंद हात रेकॉर्डिंगचा एकंदर कल बदलायला उत्तम. एका सुराच्या घुमण्यावर तो चालत नाही.

आता त्या घुमण्याकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्यांचा आवाज अडकून राहतो, त्याला अनुनाद म्हणतात. सर्वांत खालची संख्या काढायची तर ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, अंतराच्या दुपटीने भागायचा. तुमच्या लांबीसाठी ३४३ भागिले ८.४, म्हणजे ४१ हर्ट्झ. रुंदीसाठी ५२, उंचीसाठी ५९. लांबीचा दुसरा अनुनाद पहिल्याच्या दुप्पट, ८२ हर्ट्झ. साडेपाच इंची वूफर ४१ हर्ट्झला फारसं काही देत नाही, पण ८२ ला तो अगदी जोरात असतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ आणि तिचा वरच्या सप्तकातला सूर ८२.४. तुमचा 'एखादाच सूर' हाच असण्याची दाट शक्यता आहे. डग्ग्याची घुमारीही याच परिसरात फिरते.

त्यात तुमचा सोफा भिंतीला टेकलेला. लांबीच्या दिशेच्या प्रत्येक अनुनादाचा दाब भिंतीपाशीच सर्वाधिक असतो, म्हणजे तुम्ही खोलीतल्या सगळ्यात घुमणाऱ्या जागी बसलेला आहात. तेव्हा इक्वलायझरच्या आधी सोफा हलवा. कान भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर आले की ८२ हर्ट्झचा तो अनुनाद भिंतीपाशी असतो त्यापेक्षा सुमारे ४ डेसिबलने उतरतो, तोही फुकटात. मीटरभर पुढे मात्र आणू नका. १.०५ मीटरवर, म्हणजे लांबीच्या पाव अंतरावर, हाच सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि बासमध्ये भोक पडल्यासारखं वाटतं. ५० ते ७० सेंटीमीटरच्या दरम्यान दहा-दहा सेंटीमीटरने सरकवत एकच गाणं ऐकून पाहा.

स्पीकरमागच्या भिंतीचाही एक हिशेब आहे. वूफरपासून भिंतीपर्यंत अर्धा मीटर आणि परत अर्धा, असा एक मीटर जादा प्रवास करून परतलेला आवाज सरळ येणाऱ्या आवाजात मिसळतो. १७१ हर्ट्झची तरंगलांबी दोन मीटर असते, तिच्यासाठी हा प्रवास बरोबर अर्ध्या तरंगाचा होतो. दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि तिथे खड्डा पडतो. हा खड्डा इक्वलायझरने भरत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. तुम्ही १७१ हर्ट्झ ६ डेसिबल उचललंत तर भिंतीवरून येणारा आवाजही ६ डेसिबलनेच उचलला जातो आणि वजाबाकी तिथल्या तिथे राहते. ॲम्पला मात्र त्या भागात चौपट शक्ती द्यावी लागते. खड्ड्यावर उपाय जागेचाच: स्पीकर पुढे-मागे करा, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनचं आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं येणार नाही असं पाहा. तिन्ही खड्डे एका जागी पडले तर ते फार खोल जातात.

फुगवट्याचं, म्हणजे अनुनादाने वाढलेल्या सुराचं, तसं नाही. फुगवटा कापता येतो, आणि छान कापता येतो. अनुनादावर नेमका बसलेला फिल्टर नुसती पातळी उतरवत नाही, सूर संपल्यावर मागे रेंगाळणारी घुमही त्या जागेपुरती आखडते. म्हणून खोलीच्या बाबतीत नियम सरळ आहे: कापायचं, उचलायचं नाही.

यासाठी पॅरामेट्रिक इक्वलायझर लागतो. त्यात कंपनसंख्या, डेसिबल आणि क्यू या तीन गोष्टी तुम्ही ठरवता. क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद ते, आकडा मोठा तितका अरुंद. तुमच्या ॲपमधल्या दहा पट्ट्या एकेक सप्तकाच्या आहेत: ६३ हर्ट्झ, १२५ हर्ट्झ, २५० हर्ट्झ अशा. ८२ हर्ट्झ ६३ आणि १२५ च्या पट्ट्यांच्या मध्ये पडतं. दोन्ही खाली ओढल्या तर ५० पासून १६० पर्यंतचा सगळा बास जातो आणि तबला खोक्यावर वाजवल्यासारखा होतो. विंडोज असेल तर इक्वलायझर एपीओ हा मोफत प्रोग्राम पॅरामेट्रिक फिल्टर देतो. एक खाचखळगा सांगून ठेवतो: गाणी वाजवणारा प्लेअर 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने किंवा एएसआयओ या वेगळ्या ड्रायव्हरमधून साउंड कार्डाशी थेट बोलत असेल, तर आवाज या प्रोग्रामला वगळून जातो. फिल्टर लावूनही काहीच बदललं नाही तर आधी ते सेटिंग बघा.

फुगवटा नेमका कुठे आहे ते मोजायचा चांगला मार्ग म्हणजे कॅलिब्रेशन फाइलसह (माइकची स्वतःची चूक भरून काढणाऱ्या आकड्यांसह) येणारा यूएसबी मापन-माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम. माइक कानाच्या उंचीवर, डोकं असतं तिथे, स्टँडवर लावा. सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा, मग दोन्ही मिळून. डोक्याभोवती २०-३० सेंटीमीटरच्या परिघात पाच-सहा जागी मोजून सरासरी घ्या. एकाच बिंदूवर मोजून केलेली दुरुस्ती मान वळवली की फसते.

माइक नसेल तरी काम अडत नाही. टोन जनरेटरवर (ठरावीक कंपनसंख्येचा स्वर वाजवणाऱ्या ॲपवर) ६० ते १२० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध, म्हणजे एकाच कंपनसंख्येचे, स्वर दोन-दोन हर्ट्झने वाढवत, एकाच पातळीवर, मध्यम-लहान आवाजात वाजवा. शुद्ध स्वर मोठ्याने वाजवून वूफर जाळलेले लोक आहेत, तेव्हा हात राखून. कोणता आकडा एकदम फुगतो आणि दोन्ही बाजूंना तो कुठे उतरतो ते कागदावर लिहा. समजा ८२ ला शिखर आहे आणि ७६ व ८८ ला ते ३ डेसिबलने उतरलेलं दिसतं. रुंदी झाली १२ हर्ट्झ, ८२ भागिले १२ म्हणजे क्यू सुमारे ७. सोफा हलवल्यानंतर ५ डेसिबलचा फुगवटा उरला असेल तर फिल्टर टाका: ८२ हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू ७. पूर्ण ५ कापू नका, कापलेला बास लगेच निर्जीव वाटतो. नुसत्या कानाने रुंदी अचूक कळणार नाही. क्यू ५ पासून सुरुवात करून वाढवत गेलात तरी चालेल. मोबाइलच्या माइकवर मात्र फार विसंबू नका. बोलण्यासाठी बनवलेल्या त्या माइकमध्ये खालचा बास बऱ्याचदा कापलेला असतो.

असे दोन-तीन फिल्टर पुरतात. दहा-बारा लागताहेत असं वाटलं तर मांडणीतच काहीतरी चुकलंय. आणि हे काम २००, फार तर ३०० हर्ट्झच्या खालीच करा. तुमच्या आकाराच्या खोलीत त्याखाली खोली हुकूम चालवते, त्यावर स्पीकर. वरच्या भागात माइक सरळ आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज यांची नुसती बेरीज दाखवतो, कान मात्र दोन्ही बऱ्याच अंशी वेगळे ओळखतो. आलेखातले दात सपाट करायला जाल तर चांगल्या स्पीकरचा सूर बिघडवाल. आलेख डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरता दिसतो तो दोष नव्हे, खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर तसाच मोजला जातो. त्याला आडवी सरळ रेष करायचा हट्ट धरलात तर आवाज पातळ आणि कर्कश होईल.

चरचरीचं कारण सोपं आहे. आजच्या रेकॉर्डिंगची शिखरं डिजिटल मर्यादेला जवळजवळ टेकलेली असतात. ॲपमध्ये एखादी पट्टी ५ डेसिबल उचलली की शिखरं छताला आपटून कापली जातात. जितकी सर्वांत मोठी उचल, किमान तितकाच 'प्रीॲम्प' (इक्वलायझरमधली एकंदर पातळीची पट्टी) खाली घ्या: उचल ५ तर प्रीॲम्प उणे ५. शेजारच्या दोन पट्ट्या उचलल्या असतील तर त्यांची बेरीज होते, म्हणून आणखी दोन डेसिबल राखीव ठेवा. गेलेली पातळी ॲम्पच्या व्हॉल्यूमने भरून काढा. ॲम्पमधला बास वाढवतानाही हा हिशेब सुटत नाही. ३ डेसिबलला दुप्पट शक्ती, १० ला दहापट. वूफरचं तर आणखी अवघड: तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट हलावं लागतं. स्पीकरला मागे किंवा पुढे पोर्टचं भोक असेल तर पोर्टच्या ट्यूनिंगखाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. लहान स्पीकरमधून ३० हर्ट्झ काढायचा प्रयत्न करू नका. तो हवाच असेल तर सबवूफर घ्या.

रात्रीची तक्रार पूर्णपणे रास्त आहे. आवाज कमी झाला की कान खालच्या स्वरांना जास्त वेगाने बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि आजच्या आयएसओ २२६ या मानकात त्याचे सुधारित वक्र आहेत. मोठ्या आवाजात, समजा ८० डेसिबलला, ऐकत होतात आणि २० डेसिबलने उतरलात, तर १०० हर्ट्झ मधल्या स्वरांच्या तुलनेत आणखी सुमारे ६ डेसिबलने दबल्यासारखं वाटतं, ५० हर्ट्झ सुमारे ८ ने. वरच्या टोकाला फरक अगदी थोडा पडतो. म्हणून रात्री फक्त बास उचला, ३-४ डेसिबल पुरेत. ट्रेबल तिथेच राहू द्या. आवाज लहान असल्याने ॲम्पला आणि वूफरला याचा भार होत नाही. 'लाउडनेस'चं (लहान आवाजात बास आपोआप उचलणारं) बटण असेल तर जपून वापरा. साध्या ॲम्पमध्ये ते व्हॉल्यूमच्या नॉबच्या स्थितीला बांधलेलं असतं, नॉब जितका खाली तितकी उचल जास्त. आजकालचे स्रोत इतके जोरकस असतात की दिवसाच्या ऐकण्यालाही नॉब खालीच असतो, आणि मग बास अकारण फुगतो. सकाळी ते बटण बंद करायला विसरणं हेही घुमण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

'स' आणि 'श' यांचा जोर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो. सगळ्याच रेकॉर्डिंगमध्ये टोचत असतील तर खोलीत टाळी वाजवून पाहा. टणटणीत, धातूसारखा पडसाद आला तर दोष प्रतिध्वनीचा आहे आणि त्यावर कुठलाच इक्वलायझर चालत नाही. गालिचा, पुस्तकांचं कपाट, बाजूच्या भिंतींवर आवाज पहिल्यांदा आपटतो तिथे जाड शोषक पॅनेल, हे उपाय. नुसता पातळ पडदा अगदी वरचे स्वर तेवढे खातो आणि आवाज मंद करून ठेवतो. स्पीकर थेट कानांवर रोखलेले असतील तर ते दहा-पंधरा अंश बाहेर वळवा. मोजक्याच गायिकांच्या बाबतीत टोचत असेल तर रेकॉर्डिंगच तसं आहे. त्या गाण्यापुरता ट्रेबल दीड-दोन डेसिबल खाली करा आणि गाणं संपलं की नॉब मध्यावर आणा. इथे नॉब ॲपपेक्षा बरा, कारण हात सहज जातो आणि सहज परत येतो.

कुठलाही बदल तपासताना पातळी जुळवून घ्या. बास ३ डेसिबल कापला की एकंदर आवाज लहान वाटतो, आणि लहान आवाज कान नापसंत करतो. 'फिल्टर चालू' आणि 'फिल्टर बंद' यांत मधल्या स्वरांची पातळी सारखी ठेवून, ओळखीची चार-पाच वेगवेगळ्या जातीची गाणी ऐका. पहिल्या दहा मिनिटांत कापलेला बास नेहमी कमीच वाटतो, घुमण्याची सवय झालेली असते. दोन-तीन दिवस तसंच ठेवून मग फिल्टर काढून पाहा.

राहिला तो ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर. घेऊ नका. त्याच्या पट्ट्या तृतीयांश सप्तकाच्या असतात, ६३, ८० आणि १०० हर्ट्झ. ८० ची पट्टी तुमच्या ८२ च्या जवळ येते खरी, पण तिचा क्यू ४.३ च्या आसपास, तोही बदलता येत नाही. जुन्या यंत्रात दोन्ही बाजूंचे मिळून ६२ सरकते पॉट, त्यातला एखादा धुळीने अडला की एका बाजूचा स्वर बदलतो आणि कुठला अडलाय ते शोधत बसावं लागतं. शिवाय तो जोडायला तुमच्या ॲम्पला टेप लूप किंवा 'प्री-आउट, मेन-इन' अशी, म्हणजे सिग्नल बाहेर काढून परत आत घेणारी, जोडणी हवी. मागचा भाग बघा, ती नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, आणि लॅपटॉपशिवाय टीव्ही किंवा सीडी प्लेअरसाठीही हेच फिल्टर हवे असतील, तर त्याच जोडणीत बसणारा छोटा डीएसपी (डिजिटल फिल्टर लावणारं उपकरण) घ्या. लॅपटॉपवर काढलेले आकडे त्यात जसेच्या तसे भरता येतात. सोफा, कपाट किंवा स्पीकर हलवलेत तर मात्र ते आकडे रद्द समजून पुन्हा मोजा.